कोजागरीचा फोल्डर आणि गाणाऱ्यापलीकडचे कलावंत

कुलकर्णी, ए-३०४ (सांस्कृतिक समिती): नमस्कार. कोजागरीच्या कार्यक्रमासाठी रोहनने जुन्या मराठी गाण्यांच्या फोल्डरची लिंक काल ग्रुपवर टाकली, तिच्यामुळे कलावंतांचे नुकसान होते, असा आक्षेप काही सभासदांनी घेतला आहे. क्लबहाउसमध्ये गाणी लावण्यास अडचण नाही, कारण रहिवाशांच्या सामाईक सभागृहात ध्वनिमुद्रण ऐकवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. प्रश्न आहे तो ही गाणी घरोघरी उतरवून घेण्याचा. मते मांडावीत, सुप्रभातचे संदेश तूर्त थांबवल्यास बरे होईल.

रोहन, बी-१०२: काका, यात कलावंताचे नुकसान होते हे मला पटत नाही. जो फुकट उतरवून घेतो तो एरवी विकत घेणारच होता, असे गृहीत कशाच्या आधारावर धरायचे? ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, फाइल शेअरिंगचा अमेरिकेतील अल्बमच्या विक्रीवर दखल घ्यावी असा परिणाम दिसला नाही. आपल्याकडेही कॅसेटवरून कॅसेट भरून घेणाऱ्यांनीच कित्येक लोकगीत गायकांना गावोगावी पोहोचवले, आणि गाणे जत्रेत वाजले की गायकाला पुढची सुपारी मिळे.

साठे, सी-५०१: रोहन, तू सांगितलेला अभ्यास खरा आहे, मात्र स्टॅन लीबोविट्झ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्याच्यावर कडक आक्षेप घेतले होते, हेही सांगायला हवे. इंटरनेटवरून गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देण्याची नॅप्स्टर ही सेवा १९९९ साली आली, तेव्हा अमेरिकेतील ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती आणि पुढच्या १५ वर्षांत ती निम्म्यावर आली. सगळा दोष फुकट्यांचा नाही, कारण त्याच काळात लोक अख्खा अल्बम सोडून एकेक गाणे विकत घेऊ लागले होते.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. सुपारी मिळते ती माइकसमोर उभ्या राहणाऱ्याला. गीतकार, संगीतकार आणि माझ्यासारखे स्टुडिओत मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवणारे यांना जत्रेत कोण बोलावणार? आम्हा वादकांना रेकॉर्डिंगचे मानधन त्या दिवशी हातावर मिळे आणि विषय तिथेच संपे, त्यामुळे तुझ्या फोल्डरने माझे एका पैशाचेही नुकसान होत नाही. नुकसान होते ते शब्द लिहिणाऱ्याचे आणि चाल बांधणाऱ्याचे. पूर्वीच्या बहुतेक करारांत त्यांचे सारे हक्क एका सहीनिशी कंपनीकडे जात असत. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला, २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकाराला लिहून देताच येणार नाही, अशी तरतूद झाली. आता आयपीआरएस ही संस्था त्यांना आणि त्यांच्या वारसांना रॉयल्टी वाटते. पण वाटप होते ते नोंदीवर, आणि नोंद होते ती रेडिओवर, परवानाधारक अॅपवर किंवा कार्यक्रमात गाणे वाजले तर. ड्राइव्हवरून मोबाइलमध्ये आलेली फाइल शंभरदा ऐकली तरी तिची नोंद कुठेच होत नाही.

शिवाय मी तो फोल्डर उघडून पाहिला. निम्म्या फाइलींची नावे ‘ट्रॅक ०७’ अशी आहेत आणि गायकाच्या रकान्यात कुठल्याशा डाउनलोड साइटचा पत्ता आहे. ज्याचे नावच पुसले गेले, त्याची प्रसिद्धी कशी होणार?

पाटील, डी-१०३: साठेताई, अॅपवाले तरी काय देतात? एकदा गाणे ऐकले की गीतकाराच्या वाट्याला पैशाचाही अंश येत असेल. शिवाय ही गाणी साठ वर्षांपूर्वीची आहेत. त्यांच्यावरचे हक्क कधीच संपले असतील.

साठे, सी-५०१: पाटीलसाहेब, अॅपबद्दलची तक्रार रास्त आहे, परंतु तुटपुंजी रक्कम वाढवून मागता येते, नोंदच नसेल तर मागायचे कशाच्या आधारावर? साठ वर्षांचे म्हणाल तर ती मुदत ध्वनिमुद्रणाची असते. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याच्या आणि चालीवरचा हक्क ती बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहेत.

रोहन, बी-१०२: हे मान्य, पण त्या फोल्डरमधील काही गाणी एकाही अॅपवर मिळत नाहीत. त्यांच्या तबकड्या कंपन्यांनी पुन्हा काढल्या नाहीत, आणि संग्राहकांनी त्या घरी जपून एकमेकांना दिल्या नसत्या तर आज ती गाणी ऐकायलाही मिळाली नसती. तिथे शेअरिंगने कोणाचे उत्पन्न बुडाले?

साठे, सी-५०१: तिथे तुझे म्हणणे मला खोडता येत नाही. कायदा तिथेही सूट देत नाही, पण जे गाणे विकायलाच ठेवलेले नाही, त्याच्या विक्रीतला तोटा मला दाखवता येणार नाही. तशी गाणी वेगळी काढ, नावे शोधायला मी बसते.

कुलकर्णी, ए-३०४: मग लिंक आज रात्री काढत आहोत. कार्यक्रमात अॅपवर उपलब्ध असलेली गाणी तिथूनच लावू, आणि प्रत्येक गाण्याआधी गायकाबरोबर गीतकार व संगीतकार यांचीही नावे निवेदकाने सांगावीत. रोहन, न मिळणाऱ्या गाण्यांची यादी गुरुवारपर्यंत साठेताईंकडे द्यावी.