स्प्रिंटमध्ये शेवटच्या किलोमीटरला पुढे राहायचं की मागे? मदत हवी आहे (तातडीने)

रानवारा: उद्या सकाळी सायकल क्लबच्या मुलांना स्प्रिंट (शर्यतीच्या शेवटी जोर लावून मारायची मुसंडी) शिकवायचीय आणि माझं घोडं इथेच अडलंय. तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. शेवटी त्याच्यापुढे संघाचं कुणीच नाही, तरी जिंकतो. मग मुलांना सांगू काय?

घाटवाट: तो म्हणजे कोण? कुठली शर्यत? वारा कुठून होता?

रानवारा: टूर द फ्रान्स 2024, सँ-व्हुल्बा. कॅव्हेंडिशने टूरमध्ये जिंकलेला 35वा टप्पा, मर्क्सचा 34 टप्प्यांचा विक्रम मोडला तोच. आता उत्तर द्या.

चाकोरी: ट्रेन शिकवा, दुसरं काही नाही. संघातले एकेक जण पुढे ओढून बाजूला होतात, शेवटचा लीडआउटवाला (स्प्रिंटरला आपल्या मागे घेऊन ओढणारा) त्याला रेषेच्या साधारण 200 मीटर आधी सोडतो. 2009 च्या टूरमध्ये पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर त्याच्याच संघातल्या रेनशॉने असं ओढलं की कॅव्हेंडिश पहिला आणि रेनशॉ स्वतः दुसरा आला!

घाटवाट: क्लबच्या पोरांकडे कुठली ट्रेन? सँ-व्हुल्बात कॅव्हेंडिश दुसऱ्यांच्या या चाकामागून त्या चाकामागे सरकत राहिला, वाऱ्यापासूनचा आडोसा सोडला नाही आणि जागा दिसताच उठला, म्हणजे स्प्रिंट सुरू केली. फिलिपसन दुसरा. हेच शिकवा.

चाकोरी: त्यामागे त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. नवी पोरं असं चाक बदलायला गेली तर एकमेकांवर आदळतील.



गावकूस: आदळण्यावरून आठवलं. 2020, टूर ऑफ पोलंड, कातोवित्से. उताराचा फिनिश, ग्रूनेवेगनने आपली सरळ रेषा सोडली आणि याकोबसन थेट कठड्यात. ग्रूनेवेगनला नऊ महिन्यांची बंदी झाली. आधी सरळ रेषेत उठायला शिकवा, बाकी सगळं नंतर.

रानवारा: बरोबर, पण उठायचं कधी?

घाटवाट: वारा समोरून असेल तर उशिरा. लवकर उठलात तर मागच्याला फुकट आडोसा मिळतो. पाठीमागून असेल तर थोडं लवकर, कारण मग चाकामागे बसून फारसा फायदा होत नाही आणि पुढे गेलेला हाती लागत नाही. तुमच्या रस्त्यावर शेवटचं वळण किती अंतरावर आहे?

रानवारा: डावं वळण, मग सरळ. अंतर मोजलेलं नाही.

चाकोरी: मग आधी तेच मोजा! 300 मीटरच्या आत असेल तर वळणावरच पहिल्या चार-पाचांत असायला हवं. तिथे दहावा असलेल्याला पुढे यायला रस्ताच उरत नाही.

घाटवाट: एवढं मात्र पटलं. वाराही पहाटे तिथेच उभं राहून बघा, घरून अंदाज बांधू नका.