मदत हवी आहे: इंटरनेटला शांततेचं नोबेल का द्यावं?

वादविवादात या ठरावाच्या बाजूने बोलायचंय, वेळ ५ मिनिटं. २०१० मध्ये इंटरनेटचं नामांकन झालं होतं, पुरस्कार चीनमधले मानवाधिकार कार्यकर्ते लिऊ शियाओबो यांना मिळाला, इतकं माहीत आहे. केनियातल्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या खबरा लोकांच्या मेसेजवरून २००८ मध्ये नकाशावर मांडणारं 'उशाहिदी' हे संकेतस्थळ सापडलं. गल्लीत काय घडतंय ते तिथूनच कळवलेलं! पण त्यामुळे हिंसा टळली असं छातीठोकपणे म्हणवत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवरून पसरला, हा मुद्दा समोरचे काढणारच. तो मला नाकारायचा नाही. 'जग जवळ आलं' छापाची वाक्यं नकोत. पुरस्कार व्यक्तीला किंवा संस्थेलाच देता येतो, मग इंटरनेटच्या वतीने कोणाचं नाव घ्यावं? आणि इंटरनेटमुळे खरोखर रक्तपात थांबल्याचं एखादं पक्कं उदाहरण आहे का?