मदत हवी आहे: 'गाडी पळाली ना रे?' हा प्रश्न धरायचा की गप्पा?

नमस्कार मंडळी. विशेष शिक्षणात एम.एड. करतेय. प्रबंधाचा विषय: स्वमग्न मुलाशी खेळताना आईबाबा त्याला कसा प्रतिसाद देतात. सावंतवाडीच्या आसपासच्या आठ घरांत दहा-दहा मिनिटांचा खेळ चित्रित केलाय. घोडं अडलंय ते मोजणीपाशी.

मोजायची पद्धत ब्रिटनमधल्या 'पॅक्ट'मधली, म्हणजे पालकांमार्फत स्वमग्न मुलांवर करायचा उपचार तपासणाऱ्या प्रयोगातली (2010, 152 मुलं). तीच पुढे 'पास' नावाच्या प्रयोगात गोव्यात 'संगथ' संस्थेने आणि तिकडे रावळपिंडीत वापरली गेली, 2016 साली निष्कर्ष छापून आले. मूल ज्यात रमलंय ते धरून आई बोलली ("अय्या, उलटली गाडी!") तर ते जुळलेलं. त्याचं लक्ष दुसरीकडे ओढलं, काही करायला लावलं, परीक्षा घेतली, तर न जुळलेलं. मग जुळलेल्याचं प्रमाण काढायचं.

ऐकायला सोपं. पण आपल्या आया बोलतात कशा? "गाडी पळाली ना रे? कुठे गेली? भुर्र गेली?" तिन्ही प्रश्न, आणि उत्तर तिचं तिनेच देऊन टाकलेलं. माझी मैत्रीण दुसरी मोजणारी आहे, ती प्रश्नचिन्ह दिसलं की 'परीक्षा' लिहिते. एकाच व्हिडिओत तिचं प्रमाण 29 टक्के, माझं 54. "चालव, चालव, जोरात चालव!" ही आज्ञा का? पोरगा आधीच चालवतोय की!

त्यात आजी. खेळ छान रंगलेला, आतून आवाज: "अगो, त्याका एबीसीडी म्हणूक सांग!" झालं, आई लगेच परीक्षक. एक बाबा तर दहा मिनिटं अवाक्षर बोलले नाहीत, नुसती सुटलेली चाकं लेकाच्या हातात देत राहिले. ते मोजू कसे?

आणि एक भीती. एकेकाळी बेटलहाइमसारख्या मानसतज्ज्ञांनी आईच्या थंडपणालाच स्वमग्नतेचं कारण ठरवलं होतं. ते केव्हाच खोटं ठरलं, पण कॅमेरा लावला की आया अजून घाबरतात. "मॅडम, परत घ्या ना, आज तो नीट बोललाच नाही." तिला 29 टक्के असं सांगायचं?

प्रतिसाद १
मी वाचा-उपचारतज्ज्ञ, पुण्यात. व्याकरण सोडा, आई विचारून थांबते का ते बघा. प्रश्न विचारून आई उत्तरासाठी थांबली, पुन्हा तोच विचारला, हनुवटी धरून तोंड वळवलं, तर मागणी. थांबलीच नाही तर गप्पा. 'चालव चालव'लाही हाच न्याय: तो करतोय तेच सांगतेय ना? आणि पहिल्या फेरीत आवाज बंद ठेवा. आधी फक्त मुलाची नजर आणि हात कुठे आहेत ते लिहा, मग आवाज लावून आईचं बोलणं. नियम ठरवताना वापरलेला व्हिडिओ तुम्हा दोघींचे आकडे जुळतात का ते तपासायला घेऊ नका, नाहीतर आकडा फुगतो.
बाबांसाठी महोनींची श्रेणी बघा, पालकाच्या वागण्याला गुण देणारी. त्यात वाक्यं मोजत नाहीत, संवेदनशीलता, ऊब, गती अशा 12 बाबींना 1 ते 5 गुण देतात.

प्रतिसाद २
मी पालक आहे, मुलगा नऊ वर्षांचा. ताई, टक्के प्रबंधात ठेवा. आईला तो व्हिडिओ दाखवा आणि मूल तिच्याकडे वळून बघतं तिथे थांबवा. आम्हाला असंच दाखवलं होतं. मला वाटायचं हा माझ्याकडे बघतच नाही, आणि पडद्यावर चार वेळा बघितलेलं.

धागाकर्ती
दोघांचे आभार! आवाज बंद करून काल एक व्हिडिओ पुन्हा केला. आता मैत्रीण 47, मी 51. बाबांना महोनींवर बसवते. एकच राहिलं: आई काम करता करता नुसतं "हं… हं" म्हणते, ते कुठे टाकू?

प्रतिसाद १
तेव्हा तिची नजर कुठे होती?