अनुभव धागा : ही भूमिका हिलाच का?

गेल्या महिन्यात एका रविवारी, नेहमीचा सराव संपल्यावर, कथक शिकायला येणाऱ्या मोठ्या मुलींना मी 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकाचे चित्रीकरण दाखवले. घुंगरू सोडता सोडता एका बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "ताई, ही भूमिका हिलाच का दिली? मागच्या रांगेतल्या त्या तिसरीला का नाही?" मला पटकन उत्तर देता आले नाही. एकल कथकात हा प्रश्न उभाच राहत नाही. एक पलटा घेतला की गोपीचा कृष्ण होतो, आणि द्रौपदी, दुःशासन व वस्त्रे पुरवणारा तो, असे सगळे एकाच देहातून येऊन जातात. बॅलेत मात्र भूमिका वाटली जाते, आणि वाटली गेली की तिच्याविषयी कुरकूरही आलीच.

नाशिकमधल्या बॅलेप्रेमींनी कालिदास कलामंदिराची एक रांग तरी भरेल का, याची मला शंका आहे. तरीही मुंबईला, परदेशी किंवा घरच्या पडद्यावर बॅले आवडीने पाहणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांना विनंती आहे की त्यांनी पाहिलेल्या नर्तक-नर्तिकांविषयी, पात्रयोजनेविषयी आणि संस्था कोणते कार्यक्रम निवडतात याविषयी आपला अनुभव लिहावा. प्रयोग नाट्यगृहात पाहिला की पडद्यावर, हे स्पष्ट लिहावे, कारण कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला की नेमके पाय कापले जातात.

ओझरहून

ओझरच्या विमान कारखान्यात मी तेहतीस वर्षे नोकरी केली. मिग विमानांच्या निमित्ताने सोव्हिएत तंत्रज्ञांचा येथे वावर असे, आणि ड्रॉइंगवरचे शब्द वाचता यावेत म्हणून मी कामापुरते रशियन शिकलो होतो. १९८५ च्या हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी मॉस्कोला असताना आमच्या दुभाषी बाईंनी बोल्शोय थिएटरची दोन तिकिटे मिळवून दिली. नाटक म्हटले की संवाद, अशी आमची समजूत. त्यामुळे तीन तास कोणी बोलणारच नाही हे कळल्यावर माझ्या सहकाऱ्याने कोट जमा करतानाच जांभई दिली. तेथे एक युक्ती शिकलो, ती अशी की भाड्याने दुर्बीण घेतली, तर परत जाताना कोटासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही. आम्ही दुर्बीण घेतली ती केवळ या सोयीसाठी.

बॅले होता 'स्पार्टाकस', म्हणजे रोमविरुद्ध बंड करणाऱ्या गुलामाची गोष्ट, संगीत खाचातुरियन यांचे आणि रचना युरी ग्रिगोरोविच यांची, जी १९६८ पासून तेथे चालत आलेली होती. त्या रात्री स्पार्टाकसच्या भूमिकेत इरेक मुहम्मेदोव होते. दोन आठवड्यांनी मी एकटाच पुन्हा गेलो, तेव्हा भूमिका दुसऱ्याच नर्तकाकडे होती. पावले तीच, संगीत तेच, त्याच्या पत्नीला, फ्रिजियाला, एका हातावर डोक्याच्या वर उचलून धरण्याची जागाही तीच. पण मुहम्मेदोव उडी घेत तेव्हा बेड्या तुटल्यासारखे वाटे, आणि दुसरा नर्तक उडी घेई तेव्हा उडी फार उंच गेली असे वाटे. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे, तर एकाच ड्रॉइंगवरून दोन कारागिरांनी केलेला भाग गेजमध्ये सारखाच बसतो, तरी हाताला वेगवेगळा लागतो. दुसऱ्या प्रयोगात मला रोमन सेनापती क्रॅसस अधिक लक्षात राहिला, कारण तो भित्रा दिसला आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ त्या भीतीत असल्याचे कळले. नायक फिका पडला की प्रतिनायकाचा नाच दिसू लागतो; म्हणून पात्रयोजना जोडीनेच पाहावी, असे माझे मत झाले.

'स्वान लेक', म्हणजे शापाने राजहंसी झालेल्या मुलीची आणि राजपुत्राची गोष्ट, मी त्याच मुक्कामात क्रेमलिनच्या सभागृहात पाहिला. तेथे सुमारे सहा हजार लोक बसतात, आणि आमच्या जागेवरून राजहंसी मुंग्यांएवढ्या दिसत होत्या. शेवट गोड होता. गेल्या वर्षी नातीबरोबर बोल्शोयचेच अलीकडचे चित्रीकरण पाहिले, तर शेवटी राजपुत्र एकटाच उरला. तिने मला विचारले, "आबा, मग तुम्ही पाहिलेलं खोटं होतं का?" ग्रिगोरोविच यांना १९६९ मध्ये शोकान्तच करायचा होता, पण सांस्कृतिक खात्याच्या आग्रहामुळे तो सुखान्त करावा लागला आणि २००१ मध्ये त्यांनी आपला शेवट परत आणला, हे मी तिला सांगितले. कार्यक्रम कोण ठरवतो या आपल्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

माहेर नाशिकरोड, मुक्काम लंडन

मी सहा वर्षांपासून येथे आहे आणि रॉयल ऑपेरा हाऊसच्या सर्वांत वरच्या सज्ज्यात, बहुधा उभी राहूनच, बॅले पाहते. शुक्रवारी दुपारी एक वाजता उरलेली तिकिटे खुली होतात, त्या वेळी कार्यालयात माझी 'बैठक' असते, हे माझ्या सहकाऱ्यांना आता ठाऊक आहे.

तेथल्या रॉयल बॅले या संस्थेत एका हंगामात एकाच बॅलेचे बरेच प्रयोग होतात आणि पाच-सहा जोड्या आलटून पालटून प्रमुख भूमिका करतात. कोणत्या तारखेला कोण, हे आधी जाहीर होते; त्यामुळे येथले प्रेक्षक बॅलेचे तिकीट काढत नाहीत, नर्तिकेचे काढतात. मीही एका हंगामात 'जिझेल' दोनदा पाहिला, एकदा नतालिया ओसिपोवा यांचा आणि एकदा मारियानेला नुन्येझ यांचा. पीटर राइट यांच्या १९८५ च्या मांडणीत जिझेल फसवणूक कळल्यावर तलवारीने स्वतःला संपवते. तिचे थडगे चर्चच्या आवारात नसून गावाबाहेर रानात का, ते या आत्महत्येमुळे पटते. ओसिपोवा यांची जिझेल पहिल्यापासूनच थोडी काठावर असते. वेड लागण्याच्या प्रसंगात त्या फुलाच्या पाकळ्या पुन्हा मोजू लागल्या, तेव्हा बोटांत फूल नव्हते, तरी त्यांची नजर एकेक पाकळी जमिनीवर पडेपर्यंत तिच्यामागे जात होती. नुन्येझ यांची जिझेल मात्र निरोगी, हसरी, गावात सर्वांची लाडकी. तिचे मन मोडते तेव्हा धक्का बसतो, कारण तसे होईल असे आपल्याला वाटलेलेच नसते.

दुसऱ्या अंकात जिझेल मेल्यानंतर आत्मा होऊन येते; तेथे मात्र माझे पारडे नुन्येझ यांच्या बाजूला झुकते, आणि यावरून माझे एका मैत्रिणीशी अजूनही जमत नाही. ओसिपोवा उडी घेतात तेव्हा टाळ्या पडतात; नुन्येझ हवेतून खाली येतात तेव्हा आवाज येत नाही. मेलेल्या मुलीच्या पावलांचा आवाज येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऐनवेळच्या बदलांविषयीही लिहायला हवे. एकदा मी जिच्यासाठी रजा टाकली होती तिला दुखापत झाली आणि दारावर बदलाची चिठ्ठी लागलेली दिसली. मी चडफडतच वर गेले. आलेली नर्तिका ती भूमिका पहिल्यांदाच करत होती. पहिल्या अंकात तिचे हात ताठ होते, आणि दुसऱ्या अंकात कधी तरी ती घाबरायची विसरली. तो क्षण मला नीट सांगता येणार नाही, पण त्यानंतर नाव बदलले म्हणून मी तिकीट परत केलेले नाही.

सिडकोतून

बत्तीस फुएते मोजत बसणाऱ्यांविषयी एक तक्रार नोंदवतो. पियेरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या आणि तेव्हापासून राजपुत्राला फसवणाऱ्या काळ्या राजहंसीची परीक्षा तेथेच होऊ लागली. बोल्शोयच्या नर्तिका माया प्लिसेत्स्काया त्या जागी रंगमंचाभोवती वर्तुळात वेगाने गिरक्या घेत जात, आणि त्यांचे काही बिघडले नाही. आपल्याकडेही चक्रे मोजून दाद देणारे आहेतच. समेवर पाय कसा पडला ते मात्र त्यांना विचारू नये.

पंचवटीतून

मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका आहे आणि माझा विषय 'ला बायादेर' हा बॅले आहे. मारियुस पेटिपा यांनी १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे तो बसवला, संगीत मिंकुस यांचे. गोष्ट भारतातली: निकिया नावाची देवदासी, सोलोर नावाचा योद्धा, गामझात्ती नावाची राजकन्या, निकियावर भाळलेला मुख्य पुजारी, आणि गोवळकोंड्याचा राजा, ज्याचे नाव चक्क दुगमंता. हे दुगमंता म्हणजे आपल्या दुष्यंताचे कोणी लागत असावेत, अशी माझी समजूत आहे, कारण मारियुस यांचे बंधू ल्युसिएँ पेटिपा यांनी १८५८ मध्ये पॅरिसला शाकुंतलावरच बॅले केला होता. कालिदासाच्या नावाचे नाट्यगृह असलेल्या गावात राहून मला हे वयाच्या साठीनंतर कळले!

पडद्यावर पहिला अंक पाहताना मी हसले, हे कबूल करते. रामकुंडावर मी तीन सिंहस्थ पाहिले. आगीभोवती माकडउड्या मारणारे फकीर मात्र कधी दिसले नाहीत. हसू विरले ते पुढे, काळा रंग फासलेली लहान मुले नाचताना पाहून. २०१९ मध्ये मिस्टी कोपलँड या अमेरिकी नर्तिकेने बोल्शोयच्या या प्रथेवर टीका केली, तेव्हा आम्ही काही बदलणार नाही, असे तेथून उत्तर आले. माझ्या मते ही परंपरा नाही, सवय आहे.

पण मग तो तिसरा अंक येतो, छायांच्या राज्याचा. पांढऱ्या वेशातील एक नर्तिका उतरत्या फळीवर येते, एक पाय मागे उंच नेऊन पुढे झुकते, सरळ होते, दोन पावले टाकते. तिच्यामागे दुसरी येते, मग तिसरी, आणि अशा कुठे चोवीस, कुठे बत्तीस. पहिल्या मुलीला तेच आवर्तन अखेरच्या मुलीपर्यंत करत राहावे लागते, आणि तिचा घोटा एकदा थरथरला तरी सगळ्या सभागृहाला दिसते. नायिका कोण, हे मी त्या वेळी विसरते. येथे भूमिकावाटपाची खरी कसोटी मागच्या रांगेत लागते, असे त्या बारा वर्षांच्या मुलीला माझ्यातर्फे सांगावे. एखाद्या संस्थेने हा अंक तेवढाच ठेवून बाकीचा भारत कपाटात ठेवला, तर माझी मुळीच हरकत नाही. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने २०२४ मध्ये तर सारी गोष्टच उचलून जुन्या हॉलिवूडमध्ये नेली. जुनी पावले जपायची आणि आपल्याला वगळायचे, हा तोडगा मला पसंत आहे.

कॉलेज रोडवरून

नृत्याच्या कार्यक्रमांची तिकिटे विकण्याचे स्वयंसेवी काम मी पुष्कळ वर्षे केले आहे, त्यामुळे माझी सहानुभूती संस्थाचालकांकडे जाते. 'नटक्रॅकर' हा नाताळच्या गोष्टीचा बॅले १८९२ मध्ये आला तेव्हा फारसा गाजला नव्हता; नृत्यरचनाकार बॅलन्शिन यांनी १९५४ मध्ये न्यूयॉर्कला तो बसवला आणि पुढे डिसेंबर म्हणजे 'नटक्रॅकर' हे अमेरिकेत गणितच झाले. त्या तिकिटांवर संस्थांचे वर्ष निघते. आपल्याकडे विनोदी नाटकाला 'हाऊसफुल्ल'चा फलक लागतो आणि त्याच निर्मात्याचे गंभीर नाटक तीन रांगांपुढे होते, तसेच हे. लोकप्रिय बॅले करू नये, असे मी म्हणणार नाही. त्यातून आलेल्या पैशांत नव्या रचनाकाराला एक संध्याकाळ द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.

पात्रयोजनेविषयी मला सर्वांत आवडणारी हकिगत बॅलन्शिन यांच्या १९३४ च्या 'सेरेनाड' या बॅलेची आहे. विद्यार्थिनींना घेऊन त्यांनी तो बसवायला घेतला. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या म्हणून सुरुवात सतरा जणींची. दुसऱ्या दिवशी नऊच आल्या, म्हणून पुढचा भाग नऊ जणींचा. एक जण उशिरा आली, एक पडली, आणि दोन्ही गोष्टी त्यांनी रचनेत ठेवून दिल्या. दहावीच्या वर्षी मुली सराव सोडतात म्हणून हैराण होणाऱ्या गुरूंनी हे वाचावे.

इंदिरानगरमधून

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तीन वर्षांपासून दर शनिवारी दुसऱ्या शहरात बॅले शिकायला जाते. पहाटे साडेपाचला डबा भरायचा, पंचवटी एक्स्प्रेस गाठायची आणि रात्री परत यायचे, असा आमचा क्रम आहे. नवी मुंबईचा अमीरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला, तेव्हापासून तिच्या अभ्यासाच्या टेबलावर त्याचे कात्रण आहे.

पूर्वी ती ज्या वर्गात जात असे, तेथे वार्षिक कार्यक्रमात राजहंसीचा गट ठरवताना, "पांढऱ्यावर उजळ मुली शोभतात," असे शिक्षिकेने सर्वांदेखत सांगितले. माझी मुलगी मागच्या गावकऱ्यांत गेली. वाद न घालता आम्ही वर्ग बदलला, आणि वाद घालायला हवा होता असे मला अजून वाटते. मिस्टी कोपलँड २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय महिला प्रमुख नर्तिका झाली, तेव्हा त्या संस्थेला पंचाहत्तर वर्षे झाली होती. म्हणजे आमच्या त्या शिक्षिका एकट्या नाहीत.

पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर नाचण्याचे बूट, गुलाबी सॅटिनचे असतात, ते पायाची रेषा बोटांपर्यंत अखंड दिसावी म्हणून. पण तो गुलाबी रंग कोणाच्या पायाचा, हे कोणी विचारत नाही. सावळ्या पायावर तो रंग घोट्याशी रेषा तोडतो. लंडनच्या 'बॅले ब्लॅक' या संस्थेबरोबर 'फ्रीड' कंपनीने २०१८ मध्ये तपकिरी आणि कांस्य रंगाचे जोड काढले; आमच्या मापाचा मिळाला नाही. त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून बसतो. ती जोड हातात धरते, मी ओल्या स्पंजने तिच्या रंगाचे फाउंडेशन सॅटिनवर थोपटत जाते, फितीच्या शिवणीत ब्रशने भरते आणि पंख्याखाली वाळायला ठेवते. पहिला थर नेहमी डागाळलेला दिसतो. दुसरा थर बसला की ती जोड पायाशेजारी धरून पाहते आणि विचारते, "आई, आता कळतंय का, पाय कुठे संपतो ते?"