नारळीकरांच्या विज्ञानकथा, कथा म्हणून किती उतरतात?

जुनी वही:
मे 2025 मध्ये नारळीकर गेले तेव्हा मी 'यक्षांची देणगी' हे त्यांच्या कथांचं पुस्तक परत काढलं, शाळेत पारायणं केलेली, आणि खरं सांगते, मन खट्टू झालं. कल्पना एक नंबर, पण माणसं कुठायत? मित्र विचारतो "म्हणजे काय?" आणि शास्त्रज्ञ पानभर समजावत बसतो. संशोधक म्हणून ते केवढे मोठे, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधनसंस्था उभी केली, त्यावर वादच नाही. पण त्या नावामुळे आपण कथांना जास्त मार्क देतोय असं वाटतं. आणि लोक त्यांना 'मराठी विज्ञानकथेचे जनक' म्हणतात, ते कसे? भा. रा. भागवतांनी फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठीत, आपल्या घरात आणला तो कोणाच्या खात्यात टाकायचा?

गच्चीवरची दुर्बीण:
नावामुळे मार्क? अहो 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' नावाने! आद्याक्षरं उलटी केलेली, परीक्षकांना पत्ता लागू नये म्हणून. पद्मभूषण 1965 लाच मिळालं होतं, नावावर खपवायचं असतं तर सहज खपलं असतं, पण तसं न करता पहिलं बक्षीस मिळवलं. आणि माणूस वाढला बनारसला, शिकला केंब्रिजला, तरी कथा लिहायला बसला तो मराठीत. 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या, गणपतीची मूर्ती, क्रिकेटची टेस्ट आणि मोबियसची पट्टी (एक पीळ देऊन टोकं जोडलेली) एका गोष्टीत, हे मराठी घरात वाढलेल्या वाचकासाठीच लिहिलंय.

जुनी वही:
टोपणनावाचं मान्य, ते माझ्या लक्षातच नव्हतं, तो मुद्दा मागे घेते. पण 'गंगाधरपंतांचं पानिपत' बघा ना. पानिपत मराठे जिंकलेत अशा मुंबईत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पोचतात, आझाद मैदानात अध्यक्षाची खुर्ची रिकामी बघून स्वतःच जाऊन बसतात आणि लोक त्यांना हुसकावतात, इथवर मी श्वास रोखून वाचते. मग त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे येऊन क्वांटम भौतिकीचं, एका घटनेतून वेगवेगळी जगं कशी निघू शकतात याचं लेक्चर देतो आणि गोष्ट तिथेच बसते. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथांत विज्ञान माणसाच्या पोटात शिरतं, तसं इथे होत नाही.

खडू-फळा:
मी अकरावीला इंग्रजी शिकवते, एनसीईआरटीच्या पुस्तकात हीच कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' म्हणून आहे. लेक्चरचा भाग पोरांना जड जातो हे खरंय, मलाही दोनदा सांगावा लागतो. पण भांडतात ती गोळीवरून. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी गेली आणि ते वाचले, एवढ्याशा फरकाने अख्खा इतिहास बदलतो हे त्यांना पटतच नाही, मग एकजण म्हणतो पटतं, आणि तास संपला तरी कॉरिडॉरमध्ये चालूच. राजेंद्रचं लेक्चर काढून टाकलं तर ही गोळी नुसता चमत्कार होईल, म्हणून मला ते हवंय, थोडं छोटं चाललं असतं.

जुनी वही:
हे पटलं, गोळीचं. तरी 'जनक' मी म्हणणार नाही. दार त्यांनी सताड उघडलं म्हणा, पण त्या दारातून आत आलेल्यांनी जास्त चांगल्या कथा लिहिल्या.

गच्चीवरची दुर्बीण:
दार उघडणाऱ्याला घरातलं कोणी विसरतं का हो?