साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी टॅबवरची गोष्टींची पुस्तके कितपत उपयोगी?

प्रश्न (एक आई, मुलुंड): आम्ही दोघेही नोकरीसाठी लोकलने फोर्टला जातो, त्यामुळे दिवसभर मुलगी आजीजवळ असते. टॅबवरच्या पुस्तकात चित्राला बोट लावले की बेडूक उडी मारतो, ढग गडगडतो. मात्र गोष्ट काय होती असे विचारल्यास तिला सांगता येत नाही. ही पुस्तके बंद करावीत का?

उत्तर (बालवाडी शिक्षिका, परळ): सरसकट बंद करू नका, निवडून घ्या. वाचला जाणारा शब्द आणि हलणारे चित्र एकाच गोष्टीविषयी असेल, तर मुलांना नवे शब्द समजायला मदत होते. पण कथेशी संबंध नसलेले खेळ आणि आवाज मुलांचे लक्ष कथानकावरून उडवतात. तुमच्या मुलीचे बहुधा हेच होत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 3 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची मर्यादा दिवसाला 1 तास सांगितली आहे, आणि त्याहून कमी चांगलेच.

उत्तर (एक बाबा, दादर): अमेरिकेत 37 पालक-बालक जोड्यांच्या 2019 मधील अभ्यासात छापील पुस्तकापेक्षा टॅबवर वाचताना दोघांमधला संवाद कमी आढळला, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्या आजींनी स्वतः मोठ्याने वाचाव्यात, मध्ये थांबून ‘आता बेडूक कुठे जाईल गं?’ असे विचारावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आजच सासूबाईंशी बोलते.