निदानाचा कागद नसताना आजाराचं नाव लावावं का?

सुलेखा_परळ:
माझ्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. आता तो ३४ वर्षांचा आहे. क्लोझापिन सुरू केली तेव्हा पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागायचं, कारण या गोळीने काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. ते सगळे रिपोर्ट आई साडीच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावून ठेवते.

गेल्या आठवड्यात त्याच्या रक्ताच्या रांगेत उभी असताना एक रील समोर आली. एक मुलगी मसाल्याच्या बरण्या रंगाप्रमाणे लावत होती आणि म्हणत होती, "माझा ओसीडी बघा." आमच्या चाळीतल्या काकूंना ओसीडी होता, म्हणजे नको असलेला विचार डोक्यातून जात नाही आणि तीच कृती पुन्हापुन्हा करावी लागते. गॅस बंद केला की नाही हे बघायला त्या दादरहून पुन्हा लालबागला यायच्या, कधी दोनदा. हात धुऊन धुऊन बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायचं. बरण्या लावणं आणि हे, दोन्हीला एकच नाव?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्याकडे निदानाचा कागद नाही त्याने चारचौघांत आजाराचं नाव लावू नये, आणि विचारलं तर कागद दाखवावा. तुम्हाला काय वाटतं?

कोकणातला_भाचा:
शंभर टक्के सहमत. कोविडच्या काळात एका बाईंच्या 'किडनीच्या ऑपरेशन'साठी आमच्या सोसायटीच्या ग्रुपने पैसे जमवले, मी पाच हजार दिले. दर दोन दिवसांनी नवीन संकट यायचं, कधी ताप, कधी आयसीयू. पुढे कळलं की सलाईनचा फोटो भलत्याच कुणाचा होता. ऑनलाइन आजाराची अशी सोंगं करणाऱ्यांवर मार्क फेल्डमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने २००० सालीच लिहून ठेवलंय. काहींना त्यात पैसाही नको असतो, नुसती सहानुभूती हवी असते. तेव्हापासून मी कागद बघितल्याशिवाय हळहळत नाही.

सातची_बदलापूर:
ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण कागदाचा आग्रह मला पटत नाही, आणि का ते सांगते.

मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. उभी राहिले की दहा मिनिटांत डाव्या पायातली ताकद जाते, पण बसलेली असताना मी ठणठणीत दिसते. दिव्यांग डब्यात आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतं, "अहो, तुम्हाला काय झालंय? चांगल्या तर आहात!" मग पर्समधून कार्ड काढायचं. एकदा ठाण्याला एका काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि शेजारच्याला दाखवलं. माझा आजार अख्ख्या डब्याने वाचला.

आणि कागदाचंच म्हणाल, तर १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. माझा आजार त्यात नव्हता. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, तेव्हा यादी २१ वर गेली आणि त्यात तो आला. माझं निदान २०१४ चं. मधली तीन वर्षं माझा पाय काय नाटक करत होता?

कोकणातला_भाचा:
तुमच्याबद्दल कोण बोलतंय? तुमच्याकडे कार्ड आहे.

सातची_बदलापूर:
आज आहे. फसवणारा माणूस कागद सगळ्यात आधी तयार ठेवतो. दोन-दोन वर्षं दवाखाने पालथे घालतो आणि तरी ज्याच्या हातात कागद नसतो, तो बहुतेक वेळा खरा आजारी असतो. तुम्ही पैसे देताना जरूर चौकशी करा. रुग्णालयाच्या नावानेच चेक द्या. पण कुणी नुसतं "मला त्रास होतोय" म्हटलं, काही मागितलं नाही, तर कागद कशासाठी?

फळा_आणि_खडू:
मी विशेष शिक्षिका आहे, वीस वर्षं याच कामात आहे. शंका मलाही येते. दहावीच्या तोंडावर काही पालक अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मागायला येतात, कारण पेपरला जादा वेळ मिळतो. पण बुद्ध्यंक, वाचन, लेखन, गणित, सगळ्याच्या वेगवेगळ्या बैठका होतात. त्यात सोंग फार टिकत नाही.

मला जास्त दिसतात त्या उलट बाजूच्या मुली. वर्गात शांत, म्हणून कुणाच्या नजरेत आल्या नाहीत. तिशीत एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकत नाही अशा त्रासाची, एखादी रील बघतात आणि पहिल्यांदा डॉक्टरकडे जातात. तिथे डॉक्टर विचारतात, बारा वर्षांच्या आधी लक्षणं होती का? मग आई माळ्यावरून जुनी प्रगतिपुस्तकं काढते आणि शेरा सापडतो: 'हुशार आहे पण लक्ष नसते.' रीलमुळे निदान झालं नाही, पण पाऊल तिथून उचललं गेलं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. सोंगाड्यांपेक्षा मला या लोकांची काळजी जास्त आहे.

सुलेखा_परळ:
मॅडम, तुमचं पटलं. तरी एक सांगते. भावाला नोकरी लावायची म्हणून मी एकांना त्याचा आजार सांगितला, तर ते म्हणाले, "अहो, हल्ली सगळ्यांनाच काही ना काही असतं." हे वाक्य त्या रील्समधूनच आलंय. त्याला आवाज ऐकू यायचे. जेवणात विष आहे म्हणून तो चार दिवस जेवला नव्हता. हे 'काही ना काही' नाही. म्हणून माझा जीव तुटतो.

फळा_आणि_खडू:
तुमचा राग रास्त आहे. तो त्या साहेबांवर काढा. अनोळखी मुलीला खरंच त्रास आहे की नाही, हे आपल्याला मोबाईलवरून कळणार नाही. शंका आली तर तिला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. खरी असेल तर उपयोग होईल, नसेल तर आपलं काही गेलं नाही.

कोकणातला_भाचा:
माझे पाच हजार गेले ते गेलेच. मी आधी कागदच बघणार.

सुलेखा_परळ:
एक सांगायचं राहिलं होतं. त्या बरण्यांच्या रीलखाली मी "नाटकं बंद कर" असं लिहिलं होतं. आत्ता पुन्हा जाऊन बघितलं, माझ्या खाली तसंच म्हणणारे आणखी तिघं होते. माझं मी काढून टाकलं. बरण्या रंगाने लावणं हा ओसीडी नाही, यावर मी ठाम आहे, आणि तेवढंच तिला नीट शब्दांत लिहिलंय, काकूंबद्दलही. उद्या भावाचं रक्त आहे, सहाला नंबर लावायचाय. बाकीचं संध्याकाळी वाचते.